संध्याकाळचा भारा

शिवबाईनं शाळूचा भारा बांधला, ताटांच्याच वळलेल्या आळ्यावर गुडघा देऊन पीळ आवळला, डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि भाऱ्याखाली हात घातला. तेवढ्यात ईश्वरप्पानं भाऱ्यावर पाय ठेवला.

जोरानं नाही ठेवला. बांधावरच्या दगडावर ठेवावा तसा ठेवला आणि कानाला लावलेल्या फोनवर बोलत राहिला. शिवबाई वाकलेलीच. दिवसभर शाळू उपटून तिच्या तळहातांची कातडी पांढरी पडली होती, बोटांच्या पेरांत ताटांचा चिकटा बसला होता, आणि उजव्या खांद्यात एक कळ सकाळपासून घर करून होती. तिनं वाट बघितली. फोन संपला.

"मालक, पाय काढा की. दिवस बुडाया आला."

"ऱ्हाऊ दे," ईश्वरप्पा म्हणाला. "यंदा भारा न्हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी न्हाय. कडबा उभाच दिलाय, बार्शीकडच्या एका गोठेवाल्याला. तुमास्नी रोख मिळंल, गेल्या सालापरीस जादा मिळंल. फोनवर टाकू का हातात देऊ, तुमचं तुमी सांगा."

बाकीच्या बायांचे हात आपापल्या भाऱ्यांवर जिथल्या तिथं थांबले. फुलाबाई, जिच्या तोंडाला सगळं गाव भिऊन असे, तिनंसुद्धा आळा हातातनं सोडला. ईश्वरप्पानं पाय काढला आणि पुढं म्हणाला, "सोडा. पेंढ्या करून ढिगाला लावा आन जावा घरला."

शिवबाईनं आपल्या हातानं बांधलेला आळा आपल्याच हातानं सोडला. ताटं मोकळी होताना कणसं एकमेकांवर घासली आणि चार दाणे मातीच्या भेगेत पडले.

दुधनीच्या अलीकडच्या या गावात शाळूच्या काढणीला रोख मजुरी कमीच असते. खरी मजुरी म्हणजे संध्याकाळचा भारा. दिवसभर उपटलेल्यातला, कणसासकट. बाई जेवढा एकटी, कुणाचा हात न लावता जमिनीवरनं डोक्यावर घेईल, तेवढा तिचा. मालकानं तो मोजायचा नसतो, तो बाईची मान मोजते. कणसातली ज्वारी तिच्या घरच्या भाकरीला आणि कडबा तिच्या दावणीला. कुणाच्या आजीच्या आजीनं ठरवलं कुणास ठाऊक, पण ठरलं होतं.

आणि दुसरंही एक ठरलं होतं. येळवशीला, मार्गशीर्षाच्या अमावस्येला, ज्या रानात जेवायचं त्या रानाची काढणी अर्धी सोडायची नाही. कडब्याची कोपी करून, आत चुन्यानं रंगवलेले पांडव मांडून, मालक आंबील, डाळीपाल्याची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे वाढतो. ते ज्यानं खाल्लं तो त्या रानाचा झाला. यंदा ईश्वरप्पानं येळवस मोठी केली होती. खीर दोनदा फिरवली होती. फुलाबाई तेव्हाच म्हणाली होती, "हाताला लई सैल झालाय बया ह्यो." त्यावर सगळ्या हसल्या होत्या. कडबा त्याआधीच विकलेला होता, हे आज कळलं.

शिवबाई रिकाम्या डोक्यानं घरी आली. डोकं रिकामं असलं की चाल जड होते, हे तिला नवीनच होतं.

तिचा नवरा चन्नवीर दारात बसला होता. तो दुधनीच्या बाजारात हमाल होता. पोत्याच्या थप्पीवरनं घसरला तेव्हापासून त्याच्या कमरेनं जी हाय खाल्ली ती खाल्लीच. आता तो बसून दोर वळायचा आणि म्हशीची धार काढायचा. घर चालत होतं ते त्या म्हशीवर. सकाळी दूध दुधनीच्या डेअरीला जायचं, त्यावर मीठमिरची, चन्नवीरच्या गोळ्या, धाकट्या लेकीची, महेश्वरीची, अक्कलकोटच्या कॉलेजची एसटी, सगळं. जमीन नव्हती. काढणीच्या दिवसांत आलेले भारे परसात रचायचे आणि आषाढात हिरवं दिसेपर्यंत पुरवून पुरवून घालायचे, हा त्यांचा संसार.

"भारा कुटं हाय?" चन्नवीरनं विचारलं.

शिवबाईनं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "रोख देतोय न्हवं. कडबा इकत घिऊ."

"कुणाचा? बाकीच्यांची रानं ल्हान, त्यांस्नीच पुरंना. आन त्यो देणार त्यात आठवड्याची वैरण न्हाय यायाची. भावच तसा हाय."

"मग?"

"मग काय, म्हस बाजाराला न्यावी लागंल." शिवबाई असं बोलली आणि म्हशीकडं न बघता चुलीपाशी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी रानात गेलं नाही. सगळ्या फुलाबाईच्या कट्ट्यावर जमल्या. कुणी ठरवून आलं नव्हतं, पाय तिकडं वळले. बोलणं मात्र पुढं सरकेना. भारा नाही तर जायचं नाही, इथपर्यंत सगळ्यांचं एक होतं. घोडं अडलं ते येळवशीपाशी.

"खाल्लंय आपण त्याचं," रंभाबाई म्हणाली. ती सगळ्यांत वयानं मोठी. "पांडवांसमोर बसून खाल्लंय. रान सोडलं तर पाप लागंल."

"त्यानं भारा बुडवला, त्याला न्हाय व्हय लागत?"

"त्याचं त्यो बघंल. मी माझं बोलतीया."

फुलाबाईनं तंबाखू मळली. "सप्त्यात महाराज काय म्हणले, आठवतंय का? ताटातल्या भाकरीला इचारा, बाई तू कुणाची? ती रानाच्या मालकाचं नाव घ्यायाची न्हाय. ती म्हणंल, ज्यांनी मला पेरलं, खुरपलं, उपटलं, दळलं, थापलं, मी त्यांची. लई गोड आवाजात म्हणले."

"मग?"

"मग ईश्वरप्पानं त्यास्नी शाल दिली आन मोटारीनं दुधनीला सोडलं. सप्ता त्याचाच हुता की."

बाया हसल्या. रंभाबाई हसली नाही. "कीर्तन खोटं न्हाय पडत त्यानं," ती म्हणाली. "पण खाल्लेलं अन्न बी खोटं न्हाय. ते ओकून टाकता येतंय व्हय?"

शिवबाई इतका वेळ तळहाताचं फाटलेलं कातडं दातानं तोडत होती. ती म्हणाली, "ओकता येत न्हाय. पण फिरून खाऊ घालता येतंय."

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

"आपण त्याच्या रानात त्याचं खाल्लं. आता आपण आपल्या घरचं रांधू, त्याच्या रानात न्हिऊ, आन त्याला वाढू. जेवला की फिटलं."

"आन न्हाय जेवला तर?"

"वाढायाचं आपल्याकडं, जेवायाचं त्याच्याकडं."

रंभाबाई कट्ट्यावरनं उठली. मग पदर खोचत म्हणाली, "आंबलीला पीठ रातीच भिजवाया पायजे. उद्या न्हिऊ."

घरोघरचं थोडं थोडं आलं. कुणाची डाळ, कुणाच्या परसातली मेथी, हरभऱ्याचे घाटे, कुणाचं ताक. बाजरी फुलाबाईनं दिली आणि दिल्याचं चारदा बोलून दाखवलं. शिवबाईच्या घरनं दूध गेलं. त्या दिवशी डेअरीला माप गेलं नाही. चन्नवीर म्हणाला, "म्हस इकायची पाळी आलीया आन तुमी गावजेवण घाला." पण धार त्यानंच काढून दिली.

दिवस वर आला तेव्हा बाया घागरी, टोपल्या घेऊन रानात पोचल्या आणि बांधावरच थबकल्या. रानात माणसं होती. एक टेम्पो कडुलिंबाखाली उभा होता, आणि अनोळखी बाया-माणसं ओळीनं शाळू उपटत होती. लुगड्यांची नेसण बघूनच कळलं, कर्नाटकाच्या हद्दीपलीकडची टोळी. ईश्वरप्पानं एका दिवसात आणली होती.

त्याचे वडील बसलिंगप्पा, सगळ्या गावाचे आप्पा, लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, मांडीवर काठी. बाया त्यांच्या पाया पडल्या.

"काय आणलं गं?" आप्पांनी विचारलं.

"येळवस फेडाया आलोय," रंभाबाई म्हणाली.

ईश्वरप्पा लगबगीनं आला. घागरी बघितल्या आणि काय ते समजला. गावातच वाढलेला माणूस तो. दुधनीत खताचं दुकान टाकलं म्हणून काही रीत विसरत नाही. "माझं पोट भरलंय," तो म्हणाला. "घिऊन जावा माघारी. आन तुमचा ह्या रानाशी काय संबंध ऱ्हायला न्हाय."

"मग येळवशीचा बी न्हाय ऱ्हायला?" फुलाबाईनं विचारलं.

"ते मी कुटं म्हणलं?"

"म्हंजी खाल्लेलं हाय, पर भारा न्हाय. असं व्हय."

ईश्वरप्पा फोनकडं बघू लागला. शिवबाईनं पत्रावळ मांडली, उंडा ठेवला, भज्जी वाढली, वाटीत आंबील ओतली, आणि पत्रावळ दोन्ही हातांनी उचलून त्याच्यासमोर धरली. तो मागं सरला. ती तशीच उभी राहिली. टोळीतल्या बायांनी उपटायचं थांबवून तिकडं बघितलं.

"हिकडं आण," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुमी मधी पडू नगा."

"मधी कुटं पडलोय, बसलोय की." आप्पांनी पत्रावळ मांडीसमोर घेतली, दोन बोटं कपाळाला लावली आणि जेवायला लागले. सावकाश जेवले. सगळे उभे. आंबलीची वाटी संपवून त्यांनी मिशा पुसल्या. "आंबील मस्त आंबलीया," ते म्हणाले. "आमच्या घरात असली हुईत न्हाय आता." मग लेकाकडं न बघता, रानाकडं बघत म्हणाले, "रान अजून माझं हाय. मी जेवलो. फिटलं ह्यांचं."

ईश्वरप्पाचा चेहरा उतरला. पण टोळी त्याच्या रानात होती, बाया गेल्या तरी त्याचं काम अडणार नव्हतं.

शिवबाई ओळीकडं चालत गेली. तिचं माहेर पलीकडचं, अफजलपूरच्या बाजूचं. टोळीच्या पुढं एक उंच, काळी बाई होती. शिवबाईनं तिला कानडीत विचारलं, "ऊटा आत?" जेवण झालं का, एवढंच.

त्या बाईचं नाव निंगव्वा. ती म्हणाली, पहाटे निघालो, इथं चहा मिळाला, जेवण दुपारी देतो म्हणालाय. शिवबाईनं सांगितलं, भरपूर आहे, बसा. निंगव्वा बसली नाही. तिनं आधी सगळं विचारून घेतलं. हे कुणाचं अन्न, कशासाठी शिजवलं, भारा काय भानगड. शिवबाईनं काही लपवलं नाही.

"तुमचा भारा गेला," निंगव्वा कानडीतच म्हणाली. "आम्ही उठून गेलो तर आमची आजची मजुरी जाते. टेम्पोचं भाडं आमच्या अंगावर. ते तू देणार?"

"मी कुठनं देऊ."

"मग?"

शिवबाईनं आपले तळहात लुगड्याला पुसले. निंगव्वानं ते तळहात बघितले असतील किंवा नसतील. ओळीकडं वळून तिनं हाक दिली. टोळी लिंबाखाली येऊन बसली. जेवताना निंगव्वा म्हणाली, "आजचा दिवस भरणार आम्ही. पैसे मोजून घेणार. उद्या टेम्पो आला नाही तर तुमच्या मालकाला सांगा, निंगव्वाच्या गावात पण भारा देतात."

फुलाबाईला हे पटलं नाही. परत येताना ती वाटभर बोलत होती. "आपलंच खाऊन आपलंच रान उपटत्यात." रंभाबाई म्हणाली, "त्यांच्या बी पोरास्नी भाकर लागती की." त्या दिवशी संध्याकाळी टोळी गेली, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो आला नाही.

पुढचे दिवस कुणाच्याच सुखाचे गेले नाहीत. ईश्वरप्पानं कुर्डुवाडीकडनं कापणीचं यंत्र आणलं. यंत्रानं ताट गुडघ्यावर कापलं, चेंगरलं, आडवंतिडवं टाकलं. बार्शीचा गोठेवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, असला भुगा मला नको, मुळापासनं हातानं उपटलेला दे. यंत्र परत गेलं. उरलेला शाळू तसाच उभा. कणसं वाळून माना टाकायला लागली, पाखरं दिवसभर बसायला लागली. गावातल्या बाकीच्या शेतकऱ्यांनी आपापली काढणी पूर्वीसारखी भारा देऊनच उरकली, पण ती रानं लहान. तिथली कामं दोन-चार दिवसांची, भारेही तेवढेच.

शिवबाई बांधाबांधानं हिंडून वाळली हराळी खरडून आणायची. म्हैस ती हुंगायची आणि तोंड फिरवायची. दूध आटत चाललं. महेश्वरी एसटीऐवजी मैत्रिणीच्या भावाच्या मोटरसायकलवर जाऊ लागली, ते चन्नवीरला खपेना. घरात बोलणं कमी झालं.

एक दिवस म्हशीचा व्यापारी आला. चन्नवीरनंच निरोप धाडला होता. व्यापाऱ्यानं म्हशीचे दात बघितले, कासेला हात घातला, सडं दाबली, आणि शिवबाईकडं बघत म्हणाला, "उपाशी ठिवलीया जणू." शिवबाईनं मान खाली घातली. इतक्या वर्षांत तिच्या दारात असं कुणी बोललं नव्हतं. व्यापाऱ्यानं पाडून भाव केला आणि म्हणाला, परवा येतो.

त्याच दिवशी कलत्या उन्हात ईश्वरप्पाचा गडी सिद्धू आला. उंबऱ्याबाहेरच बसला. चन्नवीरनं पानाची चंची पुढं केली.

"मालकाचा निरोप हाय," सिद्धू म्हणाला. "वैनीनं बाया घिऊन यावं. समद्यांस्नी रोख. वैनीचा तेवढा भारा मालक गुपचूप घरपोच करतील. गाडीनं. कुणाला कळायचं न्हाय. म्हशीपुरता लागंल तेवढा."

चन्नवीरचा हात चंचीवर थांबला. सिद्धू गेल्यावर तो म्हणाला, "आयकलं न्हवं?"

"आयकलं."

"गाडीनं देतोय."

"व्हय."

"तुझा खांदा गेलाय. तुला डोस्क्यावर घ्यावा बी लागायचा न्हाय." तो थांबला. "त्या फुलाबाईला म्हस न्हाय, तिचं काय जातंय? दारात व्यापारी आपल्या आला. सड दाबली ती आपल्या म्हशीची."

शिवबाई भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "तुमी थप्पीवरनं पडला, तवा तुमाला कुणी उचललं?"

"हमालांनी."

"अडत्यानं?"

"त्यो कशाला उचलंल."

तिनं भाकर तव्यात टाकली, पाण्याचा हात फिरवला. चन्नवीर दोराचा पेड बोटांत घोळवत राहिला. "माझी कंबर काय परत आली न्हाय त्यानं," तो शेवटी म्हणाला.

"न्हाय आली."

सकाळी उठून शिवबाई कट्ट्यावर गेली आणि सिद्धू काय निरोप घेऊन आला होता ते सगळ्यांच्या देखत सांगितलं. रंभाबाई म्हणाली, "माझ्याकडं बी आल्ता." फुलाबाई लाल झाली. मग तीही म्हणाली, "माझ्याकडं बी. मला म्हस न्हाय तर शेळी घिऊन देतो म्हणला." थोडा वेळ कुणी कुणाकडं बघितलं नाही. मग एक बाई फिसकन हसली आणि सगळा कट्टा हसायला लागला.

त्या दुपारी आभाळ आलं. दक्षिणेकडनं, काळं नव्हे, राखेच्या रंगाचं. वारा पडला. असल्या आभाळातनं चार थेंब जरी शाळूवर पडले तरी दाणा काळा पडतो, कडबा कुजतो, आणि मग तो ना माणसाचा ना जनावराचा. गावातल्या सगळ्यांच्या माना वर. माळावर कुणी एक शब्द बोललं तरी लांबवर ऐकू येत होतं.

ईश्वरप्पा कट्ट्याकडं चालत आला. गाडी त्यानं मारुतीच्या देवळापाशीच सोडली होती. कट्ट्याशी येऊन तो उभा राहिला, कुणी बस म्हणालं नाही.

"चला," तो म्हणाला.

"कशाला?" फुलाबाई.

"काढणीला. भारा घ्या."

"समद्यांनी?"

"समद्यांनी. गोठेवाल्याला मी सांगीन काय ते."

बाया उठल्या. कुणी घाई केली नाही, कुणी उशीरही केला नाही. रानात पोचून ओळ धरली. ताटाला दोन्ही हातांनी वेढा, टाच रोवायची, पाठीतनं ओढ, मुळासकट वर, माती झटक, मागं टाक. परत. आभाळ डोक्यावर तसंच. पलीकडच्या गावातनं गडगडाट आला. एकीनं गाणं धरलं आणि सगळ्यांच्या टाचा त्याच्यावर पडायला लागल्या. ईश्वरप्पा आणि सिद्धू मागनं पेंढ्या बांधत, वाहत होते. ईश्वरप्पाचा पांढरा शर्ट चिकट्यानं पाठीला डिंकासारखा चिकटला. पाऊस इकडं आला नाही, दुधनीवरनं खाली कर्नाटकात उतरला. दिवस कलला तेव्हा रानाचा मोठा तुकडा मोकळा झाला होता. बराच उभाही होता.

मग भारे. फुलाबाईनं आपला बांधला, मग शिवबाईचा हातात घेऊन त्यात अजून ताटं कोंबली.

"एवढा मला उचलायचा न्हाय," शिवबाई म्हणाली. "खांद्यात बळ न्हाय."

"आमास्नी हाय की," फुलाबाई म्हणाली, आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मोठे बांधा गं. हात लावू एकमेकीला."

ईश्वरप्पा पुढं आला. "हात लावायाचा न्हाय. एकटीनं उचलंल तेवढाच. रीत हाय."

"व्हती," रंभाबाई म्हणाली. एवढंच म्हणाली आणि वाकून शेजारणीच्या भाऱ्याला हात घातला.

ईश्वरप्पानं उभ्या शाळूकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. दोघी दोघी मिळून भारे वर जायला लागले. एकीच्या डोक्यावर चढला की ती बाजूला होऊन उभी राहायची. असं करता करता सगळ्यांच्या डोक्यांवर भारे झाले आणि शिवबाई तेवढी राहिली. तिचा भारा सगळ्यांत मोठा, आणि हात लावायला मोकळं कुणी नव्हतं. सिद्धू शेवटची गाडी घेऊन खळ्याकडं गेला होता.

"जावा की आता," ईश्वरप्पा बायांना म्हणाला.

"हिचा उचलल्याबिगर कसं जायाचं," फुलाबाई म्हणाली. भाऱ्याखालनं तिचा चेहरा दिसत नव्हता. कुणी हललं नाही. माना ताठ, पाय मातीत, सगळ्या तशाच उभ्या. कणसांतनं दाणा गळण्याचा बारीक आवाज येत होता.

शिवबाईनं चुंबळ नीट केली आणि खाली बसली. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, भाऱ्याकडं बघितलं.

ईश्वरप्पानं फोन खिशात घातला. पुढं आला, वाकला, आळ्यात बोटं घातली. पहिल्या झटक्याला भारा हलला नाही. त्यानं पाय फाकवले, दम धरला आणि परत ओढला. भारा शिवबाईच्या डोक्यावर बसला. ती हळू उठली, गुडघे सरळ केले, मान सावरली.

"जड हाय की," ईश्वरप्पा धापा टाकत म्हणाला.

"व्हय," शिवबाई म्हणाली आणि चालायला लागली.